दहा अर्धे गुण : हौशी बुद्धिबळपटूसाठी नव्या वर्षाची आखणी

डिसेंबर संपत आला की नोकरी-व्यवसाय सांभाळून बुद्धिबळ खेळणारे आपल्यासारखे अनेक जण वहीच्या पहिल्या पानावर रेटिंगचा, म्हणजे खेळाची ताकद मोजणाऱ्या गुणांचा, एक आकडा लिहितात : ‘यंदा १६००’ किंवा ‘यंदा १८००’. आकडा लिहिण्यात गैर काहीच नाही, पण तिथपर्यंत जायची वाट त्या आकड्यातून दिसत नाही, आणि एप्रिलपर्यंत दोन स्पर्धा वाईट गेल्या की वही कपाटात जाते. या लेखात मी आखणीची वेगळी रीत सांगतो आहे. ती १४०० ते १८०० या टप्प्यात असलेल्या आणि आठवड्याला पाच-साडेपाच तास देऊ शकणाऱ्या प्रौढ खेळाडूसाठी आहे, आणि तिचा सगळा भर गेल्या वर्षी आपण स्वतः हरलेल्या डावांवर आहे.

आधी रेटिंगचा हिशेब

फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या रेटिंगमागचे गणित फारसे अवघड नाही. प्रत्येक डावात तुम्हाला मिळालेल्या गुणातून तुमच्याकडून अपेक्षित असलेला गुण वजा करतात आणि उत्तराला ‘के’ नावाच्या एका ठरलेल्या संख्येने गुणतात. तुमच्याइतकेच रेटिंग असलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अपेक्षित गुण ०.५ असतो, समोरचा २०० गुणांनी खाली असेल तर तो साधारण ०.७६ होतो. क्लासिकल (लांब वेळेच्या) प्रकारात ३० डाव पूर्ण केलेल्या आणि २४०० च्या खाली असलेल्या प्रौढ खेळाडूसाठी ‘के’ २० असतो, तर नव्याने रेटिंग मिळालेल्यांसाठी आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी तो ४० असतो.

याचा अर्थ असा की तुमच्या-माझ्यासाठी अर्धा गुण म्हणजे रेटिंगचे १० गुण. वर्षभरात ३० क्लासिकल डाव खेळलात आणि एरवी हरला असता असे दहा डाव बरोबरीत सोडवलेत, तर वर्षअखेरीस तुम्ही जिथे असता त्याच्या १०० गुण वर असाल. जिंकत आलेला डाव बरोबरीत जाऊ दिला नाही, तरी हिशेब तोच. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर रेटिंगचा आकडा लिहिण्याऐवजी ‘दहा अर्धे गुण’ असे लिहावे आणि ते कुठून काढायचे हे पुढच्या पानांवर शोधावे.

जुन्या रेटिंगशी तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालील सर्वांचे रेटिंग एकदाच वाढवून दिले आणि किमान रेटिंग १४०० केले. २००० पेक्षा जितके गुण कमी, त्यांच्या ४० टक्के इतकी ती वाढ होती. म्हणजे तेव्हाचा १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० झाला. त्यामुळे २०२३ मधले आपले रेटिंग आणि आजचे रेटिंग शेजारी ठेवून प्रगती मोजू नये.

पायरी पहिली : स्कोअरशीट बाहेर काढा

गेल्या वर्षीच्या सगळ्या स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहिलेले कागद) एकत्र करा आणि त्यांतून हरलेले, तसेच जिंकत आलेले पण हातचे गेलेले डाव वेगळे काढा. पंधरा-वीस डाव मिळाले तर उत्तम. तेवढे मिळाले नाहीत तर ऑनलाइन खेळलेले पंधरा मिनिटे अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद अशा वेळेचे डाव घ्या, पण तीन मिनिटांचे डाव घेऊ नका, कारण तिथल्या चुका बहुतेक वेळा हाताच्या असतात, विचाराच्या नव्हे.

मग खरा पट मांडा, संगणक बंद ठेवा आणि डाव पहिल्या चालीपासून खेळत जा. ज्या चालीला डाव कलला तिथे थांबा आणि वहीत चार गोष्टी लिहा : चालीचा क्रमांक, त्या वेळी घड्याळात उरलेला वेळ, ‘मला तेव्हा काय वाटले होते’ आणि ‘आता काय दिसते आहे’. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. चूक कोणती होती हे इंजिन (बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम) दोन सेकंदांत सांगते, पण ती आपल्या डोक्यात कशी शिरली हे त्याला सांगता येत नाही. स्वतःचे लिहून झाल्यावरच इंजिन लावावे, आणि त्याने दाखवलेले निराळे काही असेल तर ते वेगळ्या रंगाच्या शाईने लिहावे.

माझ्याच वहीतले एक पान सांगतो. गेल्या पावसाळ्यातल्या एका स्पर्धेत चौथ्या फेरीत माझ्याकडे काळे मोहरे होते आणि पटावर शेवटी उरले होते ते असे (घराच्या नावातले अक्षर उभी पट्टी सांगते आणि आकडा आडवी ओळ) : माझा राजा ई८ वर आणि हत्ती बी पट्टीत, पांढरा राजा डी५ वर, त्याचा हत्ती एच७ वर आणि प्यादे ई५ वर. चाल माझी होती. मी हत्ती बी८ वर नेला, कारण ‘आठव्या ओळीवर मात होईल’ ही भीती मनात बसली होती. तिथून पुढे हत्ती आठव्या ओळीवरच अडकून पडला आणि डाव गेला. घरी पट मांडून बसल्यावर कळले की हत्ती बी६ वर ठेवला असता तर पांढऱ्याचा राजा सहाव्या ओळीवर येऊच शकला नसता, आणि त्याने प्यादे ई६ वर ढकलताच माझा हत्ती बी१ वर जाऊन मागून शह देत राहिला असता, कारण प्यादे पुढे गेल्यामुळे राजाला त्या शहांपासून लपायला जागा उरत नाही. ही फिलिडोरची बरोबरी, म्हणजे हत्ती-प्याद्याविरुद्ध हत्तीने करायचा प्रसिद्ध बचाव. ती मी वाचलेली होती, पण पटावर ओळखू शकलो नाही. वहीत मी लिहिले : ‘चाल ५८, वेळ ४ मिनिटे, मात होण्याची भीती, ज्ञान होते, सराव नव्हता.’ त्या एका ओळीने माझ्या वर्षाच्या आखणीतला एक मोठा भाग ठरवला.

पायरी दुसरी : चुकांचे खण करा

सगळे डाव पाहून झाले की प्रत्येक डावाच्या निर्णायक चुकीला एका खणात टाका. माझ्या वहीत असे सहा खण आहेत : मोहरा फुकट गेला, दोन-तीन चालींचे टॅक्टिक (डावपेच) दिसले नाही, काय करावे हेच सुचले नाही, एंडगेम (थोडे मोहरे उरलेला शेवटचा टप्पा) येत नव्हता, घड्याळ संपत आले होते, ओपनिंगमध्येच (सुरुवातीच्या चालींत) अडकलो. एका डावात दोन कारणे दिसली तर जे आधी घडले ते लिहावे. पंचविसाव्या चालीला मोहरा फुकट गेला असेल, पण त्याआधी बाराव्या चालीवर तुम्ही बावीस मिनिटे घालवली असतील, तर तो डाव घड्याळाच्या खणात जातो.

या टप्प्यावर बहुतेकांना एक धक्का बसतो. ज्या ओपनिंगवर आपण वर्षभर सर्वाधिक व्हिडिओ पाहिले, त्याच खणात सर्वांत कमी डाव पडतात. असे झाले तर वाईट वाटून घेऊ नये. तेवढा वेळ मोकळा झाला असे समजावे.

पायरी तिसरी : तीनच उद्दिष्टे

ज्या दोन खणांत सर्वाधिक डाव असतील त्यांवर एकेक उद्दिष्ट बेतावे, आणि तिसरे उद्दिष्ट खेळायच्या डावांच्या संख्येचे असावे. उद्दिष्टाची भाषा कृतीची हवी. ‘टॅक्टिक्स सुधारणे’ या शब्दांतून सोमवारी सकाळी उठून काय करायचे ते कळत नाही, पण ‘आठवड्यातले पाच दिवस रोज सहा कोडी, पूर्ण ओळ लिहून’ असे म्हटले की कळते. माझी यंदाची तीन उद्दिष्टे अशी आहेत : पाच दिवस रोज सहा कोडी; महिन्याला एक याप्रमाणे बारा एंडगेम, दोन्ही बाजूंनी खेळून; आणि तीस क्लासिकल डाव, त्यांतला प्रत्येक डाव आठ दिवसांच्या आत वहीत.

आठवड्याचे वेळापत्रक

पाच दिवस रोज २५ मिनिटे कोडी, एका संध्याकाळी ४५ मिनिटे एंडगेम, शनिवारी दीड तासाचा एक सावकाश डाव आणि रविवारी एक तास त्या डावाचे विश्लेषण, असे मिळून सव्वापाच तासांच्या थोडे वर जाते. ज्यांना लोकलने किंवा बसने तासभर प्रवास करावा लागतो ते कोडी प्रवासात सोडवू पाहतात. बसायला जागा असेल आणि वही उघडता येत असेल तरच ते करावे, नाहीतर सकाळच्या चहानंतरचा वेळ बरा. जलद डाव पूर्ण सोडा असे मी म्हणणार नाही, पण सराव झाल्याशिवाय ते उघडू नयेत आणि रात्री झोपण्यापूर्वी तर मुळीच नकोत.

कोडी सोडवण्याची रीत

लिचेससारख्या मोफत संकेतस्थळावर हवी तितकी कोडी मिळतात, त्यामुळे अडचण संख्येची नसून सवयीची आहे. पहिली चाल ‘वाटते आहे’ म्हणून खेळून पाहायची आणि चूक निघाली की पुढचे कोडे उघडायचे, यातून अंदाज लावण्याचा सराव होतो आणि नेमका तोच पटावर नडतो. त्याऐवजी आपली चाल, समोरच्याचे सर्वांत चिवट उत्तर आणि पुन्हा आपली चाल, अशी पूर्ण ओळ वहीत लिहून झाल्यावरच पडद्यावर हात लावावा. एका कोड्याला चार मिनिटे लागली तरी चालतील.

चुकलेले कोडे वेगळ्या पानावर उतरवून दुसऱ्या दिवशी, आठवड्यानंतर आणि महिन्यानंतर पुन्हा सोडवावे. तिसऱ्या वेळेला ते पाहताक्षणी सुटते, आणि पाहताक्षणी सुटणाऱ्या अशा चित्रांचा साठा हीच खरी कमाई आहे. ज्यांचा ‘मोहरा फुकट गेला’ हा खण सर्वांत भरलेला आहे त्यांनी अवघड कोड्यांच्या मागे लागू नये. एका-दोन चालींची सोपी कोडी, विशेषतः पिन (मागच्या मोलाच्या मोहऱ्यामुळे जखडलेला मोहरा), दुहेरी हल्ला आणि बिनआधाराचे मोहरे या विषयांची, निवडून सोडवावीत.

एंडगेम : इथे वेळ द्या

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये जागतिक विजेतेपदाच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनने ५५व्या चालीला हत्ती एफ२ वर नेला. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते. त्याने हत्तीची अदलाबदल केली, मग उंटाचीही केली, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा एंडगेम जिंकलेला होता. अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला तो ज्या निर्णयाने, त्याचे मूळ तत्त्व आपल्या पातळीवरचा खेळाडूही शिकू शकतो : मोहऱ्यांची अदलाबदल करण्यापूर्वी उरणारा राजा-प्याद्यांचा एंडगेम जिंकलेला, हरलेला की बरोबरीचा हे माहीत हवे.

त्यासाठी पहिले दोन महिने फक्त राजा आणि एका प्याद्याला द्यावेत. पटावर पांढरा राजा ई५, पांढरे प्यादे ई४ आणि काळा राजा ई७ असे मांडा. इथे चाल कोणाची आहे यावर सगळे ठरते. काळ्याची चाल असेल तर त्याला बाजूला व्हावे लागते आणि पांढरा जिंकतो; पांढऱ्याची असेल तर काळा प्रत्येक वेळी समोर येऊन उभा राहतो आणि डाव बरोबरीत सुटतो. आता हीच तिन्ही सोंगटी एक-एक घर वर सरकवा : पांढरा राजा ई६, प्यादे ई५, काळा राजा ई८. आता चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. एका ओळीच्या फरकाने निकाल बदलतो. हे दोन्ही प्रसंग घरातल्या कोणाला तरी समोर बसवून, किंवा इंजिनाविरुद्ध, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा खेळावेत. त्यानंतर कडेचे प्यादे घेऊन पाहावे. तिथे काळा राजा कोपऱ्यात पोहोचला की पांढऱ्याला जिंकता येत नाही, आणि या अपवादाने हरत आलेले बरेच डाव वाचतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हत्तींकडे वळावे. बचावासाठी वर सांगितलेली फिलिडोरची बरोबरी आणि जिंकण्यासाठी लुसेनाची स्थिती, एवढ्या दोन गोष्टी बोटांत बसल्या तरी वर्षाचे बरेच काम झाले. लुसेना अशी मांडा : पांढरा राजा जी८, प्यादे जी७, हत्ती एफ१; काळा राजा ई७, हत्ती एच२; चाल पांढऱ्याची. आधी ई१ वरून शह देऊन काळ्या राजाला डी७ वर घालवायचे, मग हत्ती ई४ वर आणायचा. हत्तीची ही चाल पहिल्यांदा पाहणाऱ्याला निरर्थक वाटते. मग राजा एफ७ वर बाहेर येतो, काळा शह देत राहतो, आणि पांढरा राजा जी६, एफ६, जी५ असा उतरत येतो. शेवटच्या शहाला हत्ती जी४ वर मध्ये येतो आणि प्यादे वजीर होते. हत्ती चौथ्या ओळीवर का ठेवला ते या शेवटच्या चालीला उमगते. जुने लोक याला ‘पूल बांधणे’ म्हणतात.

उरलेल्या महिन्यांत आपल्या वहीत जे एंडगेम हातचे गेले असतील ते घ्यावेत. राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले असतील तर टेबलबेस, म्हणजे अशा स्थितींचा संगणकाने काढून ठेवलेला संग्रह, अचूक निकाल सांगतो. तो विनामूल्य उपलब्ध आहे आणि स्वतःचे उत्तर लिहून झाल्यावर तपासायला त्याच्यासारखा गुरू नाही.

ओपनिंगचे थोडक्यात

पांढऱ्याने एक, आणि काळ्याने ई४ या पहिल्या चालीविरुद्ध एक व डी४ विरुद्ध एक, एवढे पुरे. उदाहरणार्थ इटालियन, कारो-कान आणि क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. प्रत्येक डावानंतर आपण पाठ केलेल्या वाटेवरून कुठे उतरलो ती एक चाल पाहून घ्यावी. वर्षात तीस डाव झाले तर तीस चालींची ही फाइल कोणत्याही विकतच्या कोर्सपेक्षा उपयोगी पडते. वर्षाच्या मध्यात ओपनिंग बदलू नये.

पटावर बसल्यावर

आपल्याकडे क्लासिकल स्पर्धांत दीड तास आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद ही वेळ सर्रास असते. पहिल्या चाळीस चालींसाठी ती एकूण ११० मिनिटे, म्हणजे चालीला पावणेतीन मिनिटे होते. दर पाचव्या चालीनंतर घड्याळातला वेळ स्कोअरशीटवर लिहावा. नियम त्याला परवानगी देतात. पंधराव्या चालीला घड्याळात ६० मिनिटांपेक्षा कमी वेळ उरत असेल तर घड्याळाचा खण तुमचा आहे असे समजावे.

चाल ठरली की लगेच मोहऱ्याला हात लावू नये, कारण हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो. आपली चाल झाली आहे असे समजून समोरच्याच्या खुर्चीतून तीन प्रश्न विचारावेत : तो कुठे शह देऊ शकतो, काय मारू शकतो, आणि कशाची धमकी देऊ शकतो. याला दहा सेकंद लागतात. महाराष्ट्रातल्या खुल्या स्पर्धांत आपल्यासमोर अनेकदा नऊ-दहा वर्षांचे मूल बसते, पटापट चाली करते आणि उठून दुसऱ्या पटांवर फेरी मारते. त्या वेगाला वेग देण्याचा मोह होतो, आणि नेमके त्याच वेळी हे तीन प्रश्न विचारायचे राहून जातात. त्या मुलाचे रेटिंगही त्याच्या खऱ्या ताकदीच्या मागे असू शकते, म्हणून आकडा पाहून नव्हे, पट पाहून खेळावे.

काही अर्धे गुण तर निव्वळ नियम माहीत असल्याने मिळतात. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर न खेळता आधी स्कोअरशीटवर लिहावी, घड्याळ थांबवावे आणि आर्बिटरला (पंचाला) बोलावून बरोबरी मागावी. चाल खेळायला मोहऱ्याला हात लावला की त्या वेळचा हक्क जातो. बरोबरी देऊ करायची असेल तर चाल करावी, मग विचारावे आणि नंतर घड्याळ दाबावे. आणि हरतो आहोत असे वाटले तरी हत्तींचा एंडगेम असताना डाव लवकर सोडू नये.

स्पर्धा कशा निवडाव्यात

रेटिंग स्पर्धेसाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी लागते; ती आधीच करून ठेवावी. तीस डावांसाठी नऊ फेऱ्यांच्या तीन स्पर्धा आणि एखादी छोटी स्पर्धा पुरते. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा भरपूर असतात. सांगलीसारख्या गावी, जिथे नूतन बुद्धिबळ मंडळाची आणि बुद्धिबळाचे संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांची परंपरा आहे, तिथे एकदा तरी जाऊन खेळावे. रोज दोन फेऱ्या असतील तर रजा काढूनच जावे. ऑफिसातून धावत येऊन खेळलेला संध्याकाळचा डाव वहीत कोणत्या खणात जातो ते मी पाहिले आहे.

स्विस पद्धतीत (जिथे दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लावतात) पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, त्यामुळे तुमच्यासमोर ४०० गुणांनी वरचा खेळाडू येऊ शकतो. घाबरण्याचे कारण नाही. हरलात तर जेमतेम दीड गुण जातो आणि बरोबरी केलीत तर आठाहून अधिक मिळतात. अशा डावात सुरुवातीपासून बरोबरीसाठी अदलाबदल करत बसण्यापेक्षा नेहमीचा खेळ करावा, आणि डावानंतर त्याला पाच मिनिटे विश्लेषणाला थांबण्याची विनंती करावी. बहुतेक जण आनंदाने थांबतात.

तिमाही तपासणी

मार्च, जून आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी वही पुन्हा उघडावी आणि त्या तीन महिन्यांतले डाव त्याच सहा खणांत टाकावेत. रेटिंग या दिवशी पाहू नये. वाचवलेले अर्धे गुण मोजावेत : ज्या स्थितीत गेल्या वर्षी हरला होतात तशाच स्थितीत या वेळी काय झाले, त्यापुढे खूण करावी. एखादा खण रिकामा होऊ लागला असेल तर त्याचा वेळ पुढच्या भरलेल्या खणाला द्यावा. तीन महिन्यांत काहीच हलले नसेल तर त्या खणातले दोन डाव आपल्यापेक्षा २००-३०० गुणांनी वरच्या खेळाडूला दाखवावेत, इंजिनाचे आकडे झाकून, आणि ‘तुम्ही इथे काय पाहिले असते?’ एवढेच विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत त्या पानावर उतरवून घ्यावे.